टायकोचा नकार: पृथ्वी फिरते तर तारे हलत का नाहीत?

पृथ्वी मध्ये की सूर्य मध्ये या वादाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सांगतात. कोपर्निकस बरोबर होता, चर्च चूक होतं, गॅलिलिओला शिक्षा झाली आणि शेवटी सत्य जिंकलं. यात खोटं काही नाहीये, पण एक मोठा माणूस गायब आहे, टायको ब्राहे. गॅलिलिओला शिक्षा करणाऱ्या कॅथलिक चर्चशी त्याचा काही संबंध नव्हता, तो डेन्मार्कचा, म्हणजे प्रोटेस्टंट देशातला, आणि त्या काळात आकाश त्याच्याइतकं नेमकं मोजणारा युरोपात दुसरा कोणी नव्हता. तरी त्याने पृथ्वी फिरते हे मानायला नकार दिला. तो नकार त्याने कशाच्या जोरावर दिला, त्यात दम किती होता, चूक कुठे होती आणि ती चूक सापडायला इतकी वर्षं का लागली, ही एकच केस इथे नीट उलगडतोय, कारण माझ्या मते या अख्ख्या वादातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण हे आहे.

आधी परिस्थिती. १५४३ ला कोपर्निकसचं पुस्तक न्यूरेंबर्गमध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच्या मॉडेलमध्ये सूर्य मध्ये, पृथ्वी एक ग्रह, स्वतःभोवती दिवसात एकदा आणि सूर्याभोवती वर्षात एकदा फिरणारी. मंगळ अधूनमधून उलटा चालताना दिसतो, वक्री होतो, त्याचं उत्तर यात फार सहज मिळतं, पृथ्वी त्याला आतल्या बाजूने ओव्हरटेक करते म्हणून तो मागे गेल्यासारखा वाटतो. हे बघून अनेकांना मॉडेल आवडलं. पण आकाशातल्या जागा वर्तवण्यात ते टॉलेमीच्या जुन्या भूकेंद्री मॉडेलपेक्षा फार सरस नव्हतं, कारण कोपर्निकसने पण वर्तुळंच धरली होती आणि हिशोब जुळवायला त्यालाही उपवृत्तं, म्हणजे मोठ्या वर्तुळावर फिरणारी छोटी वर्तुळं, घालावी लागली होती. म्हणजे १५८० च्या सुमाराला एखाद्या प्रामाणिक खगोलशास्त्रज्ञासमोर दोन मॉडेल्स होती, एक जुनं आणि अवजड, दुसरं नवं आणि सुबक, आणि दोन्हींची भाकितं जवळपास सारखीच चुकत होती.

आता टायको. जन्म १५४६. १५७२ ला शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा अचानक उगवला (आज आपण त्याला सुपरनोव्हा म्हणतो), टायकोने तो मोजून मोजून दाखवून दिलं की तो चंद्राच्या खूप पलीकडचा आहे, म्हणजे वरचं आकाश कधी बदलत नाही हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं चूक. १५७७ च्या धूमकेतूबद्दल पण तेच, तो ग्रहांच्या मधून आरपार जात होता, मग ग्रह ज्या स्फटिकाच्या गोलांवर बसवलेत असं मानलं जायचं ते गोल राहिले कुठे? हे मुद्दाम सांगतोय, कारण टायकोला जुनाट विचारांचा म्हणून बाजूला टाकणं फार सोपं आहे आणि ते साफ अन्यायाचं आहे, जुन्या विश्वाला पहिले मोठे तडे त्यानेच पाडलेत.

डेन्मार्कच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, त्याला ह्वेन नावाचं बेट दिलं आणि भरपूर पैसा दिला. तिथे त्याने १५७६ पासून उरानिबोर्ग ही वेधशाळा उभी केली. टेलिस्कोप तेव्हा नव्हताच, सगळं नुसत्या डोळ्याने, पण यंत्रं प्रचंड, एक भिंतीवरचं चतुर्थांश यंत्र तर साधारण २ मीटर त्रिज्येचं होतं. या सगळ्यातून त्याची अचूकता आली सुमारे १ कला. १ कला म्हणजे अंशाचा ६०वा भाग, पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३० कलांचा दिसतो, तर त्याच्या एक तीसांश. नुसत्या डोळ्याने इतकं नेमकं मोजणारा माणूस म्हटल्यावर त्याचं म्हणणं हलक्यात घेता येत नाही.

टायकोचा मुद्दा समजायला हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटून बघा, मग दुसरा मिटून बघा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठी पुस्तकांत पराशय. पृथ्वी खरंच सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आपण कक्षेच्या एका टोकाला आणि जुलैत दुसऱ्या टोकाला असणार, आणि या दोन टोकांमधलं अंतर सूर्याच्या अंतराच्या दुप्पट. एवढ्या मोठ्या जागाबदलानंतर तारे जरा तरी सरकलेले दिसायला पाहिजेत. ही शंका टायकोच्या कितीतरी आधीपासूनची आहे, सामोसच्या अरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सूर्य मध्ये ठेवला तेव्हा त्यालाही तारे अतिप्रचंड लांब आहेत असंच मानावं लागलं होतं.

टायकोला असं सरकणं दिसलं नाही. अजिबात नाही. म्हणजे ते असलंच तर १ कलेपेक्षा कमी. कोपर्निकसवाल्यांचं उत्तर तयारच होतं की तारे इतके लांब आहेत की सरकणं दिसतच नाही. ठीक आहे, टायको म्हणाला, मग हिशोब करू. ६ महिन्यांत १ कलाही सरकत नसेल तर तारा सूर्याच्या अंतराच्या जवळपास ७,००० पट लांब पाहिजे, शनी सुमारे साडेनऊ पट लांब आहे, म्हणजे शनीपासून ताऱ्यांपर्यंत शनीच्या अंतराच्या ७०० पट नुसती रिकामी जागा. एवढी जागा कशासाठी, असं त्याला वाटलं, पण हा त्याचा खरा मुद्दा नाहीच. जागा रिकामी आहे म्हणून मॉडेल चूक असं म्हणणं आवडीनिवडीचं झालं.

खरा मुद्दा पुढे आहे. तारे नुसत्या डोळ्याला बिंदू दिसत नाहीत, छोट्या ठिपक्यासारखे दिसतात, आणि टायकोने त्या ठिपक्यांची रुंदी मोजली होती. पहिल्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा क्रम, पहिली सगळ्यात तेजस्वी, सहावी सगळ्यात अंधुक) तारे साधारण २ कला, तिसऱ्या प्रतीचे साधारण १ कला. आता तिसऱ्या प्रतीचा एखादा मध्यम तारा घ्या, तो १ कला रुंद दिसतोय आणि पृथ्वीची अख्खी कक्षा त्या ताऱ्यावरून बघितली तर तीही जास्तीत जास्त १ कला दिसणार (सरकणं १ कलेपेक्षा जास्त नाही याचा अर्थच तो). दोन्ही गोष्टी एकाच अंतरावरच्या आणि सारख्याच दिसणाऱ्या, म्हणजे तो मध्यम तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा! सूर्याचा व्यास घेतला तर त्याच्या २०० पटीहून मोठा. आणि असा एखाददुसरा नाही, आकाशात दिसणारा एकूणएक तारा असाच राक्षसी, त्यांच्यात आपला सूर्य तेवढा एकटा क्षुल्लक. पॅरॅलॅक्स अजून कमी निघाला तर तारे अजून मोठे होणार.

याउलट टायकोचं स्वतःचं मॉडेल, जे त्याने १५८८ ला छापलं, त्यात पृथ्वी स्थिर, चंद्र-सूर्य तिच्याभोवती, आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. ग्रहांच्या हालचालींपुरतं हे कोपर्निकससारखंच आहे, फक्त स्थिर कोण ते बदललंय. त्यात तारे शनीच्या जरा पलीकडे बसतात आणि त्यांचे आकार सूर्य आणि ग्रहांच्या मापातच येतात. कुठलाही राक्षस लागत नाही. आता प्रामाणिकपणे सांगा, १५९० ला हातात हाच डेटा असता तर तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहिला असता? मी तरी टायकोच्या बाजूला असतो असं मला मनापासून वाटतं.

या केसमधला मला सगळ्यात थक्क करणारा भाग म्हणजे समोरच्या बाजूचं उत्तर. जर्मनीतल्या कासेलला विल्हेल्म चौथा हा लँडग्राफ, म्हणजे तिथला राज्यकर्ता, स्वतः खगोलप्रेमी होता, त्याच्या पदरी क्रिस्टोफ रोथमन नावाचा गणिती होता, पक्का कोपर्निकसवाला. रोथमन आणि टायको यांचा बराच पत्रव्यवहार झाला, १५९० ला रोथमन ह्वेनला जाऊनही आला, आणि टायकोने ती पत्रं १५९६ ला छापून टाकली म्हणून आपल्याला हा वाद कळतो. राक्षसी ताऱ्यांच्या मुद्द्यावर रोथमनचं म्हणणं असं की त्यात अशक्य काय आहे, ईश्वर अनंत आहे, त्याची निर्मिती जितकी भव्य तितकी त्याच्या थोरवीला शोभणारी. म्हणजे बघा, सूर्यकेंद्री बाजूचा माणूस देवाचा आधार घेतोय आणि भूकेंद्री बाजूचा माणूस मोजमापाचा. पुढे इतरही काही कोपर्निकसवाल्यांनी हेच उत्तर दिलं. विज्ञान विरुद्ध धर्म या चौकटीत हे प्रकरण बसवायला गेलं की ते असं उलटं होऊन बसतं.

मग टेलिस्कोप आला. १६०९-१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे ४ चंद्र बघितले, आणि १६१० च्या शेवटी शुक्राच्या कला बघितल्या, शुक्र चंद्रासारखा कोरीपासून पूर्ण गोलापर्यंत जातो. टॉलेमीच्या मॉडेलमध्ये शुक्र पूर्ण गोल दिसूच शकत नाही, त्यामुळे टॉलेमी तिथेच संपला, यात शंका नाही. पण टायको संपला नाही! टायकोच्या मॉडेलमध्ये शुक्र सूर्याभोवतीच फिरतो, सगळ्या कला जशाच्या तशा मिळतात. अनेक लेखांत, अगदी चांगल्या लेखांतसुद्धा, शुक्राच्या कला हा कोपर्निकसचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तो तसा नाहीये, तो फक्त टॉलेमीविरुद्धचा पुरावा आहे. आणि गॅलिलिओचं १६३२ चं प्रसिद्ध पुस्तक बघा, त्यात दोन मुख्य विश्वरचनांची चर्चा आहे, टॉलेमी आणि कोपर्निकस. तेव्हा खरा प्रतिस्पर्धी टायको होता आणि त्यालाच मुख्य सामन्यातून बाहेर ठेवलंय. गॅलिलिओबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण हे त्याने बरं केलं नाही.

ताऱ्यांच्या आकाराचं काय? टेलिस्कोपमधून तारे लहान झाले पण बिंदू झाले नाहीत, छोट्या गोल चकत्या दिसायला लागल्या. जर्मनीतल्या सायमन मारियसने १६१४ ला लिहिलं की या चकत्या दिसतात म्हणजे टायकोची बाजू बळकट होते. १६१६ ला फ्रान्चेस्को इंगोली याने गॅलिलिओला उद्देशून निबंध लिहिला त्यातही ताऱ्यांच्या आकाराचा मुद्दा होता, गॅलिलिओने उत्तर दिलं १६२४ ला, आणि १६३२ च्या पुस्तकात आकडे मांडले. त्याचं म्हणणं, टायकोने आकार फार मोठे मोजलेत, पहिल्या प्रतीचा तारा खरं तर ५ विकला आहे (१ कला म्हणजे ६० विकला) आणि सहाव्या प्रतीचा त्याच्या सहावा हिस्सा, मग सहाव्या प्रतीचा तारा सूर्याएवढा धरला तर तो सूर्याच्या २,१६० पट लांब येतो, राक्षस वगैरे काही लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण याच गणिताने पहिल्या प्रतीचा सूर्याएवढा तारा फक्त ३६० पट लांब येतो आणि मग तो ६ महिन्यांत १९ कला सरकायला पाहिजे, टायकोला १ कला कळत होती तिथे १९ कला! म्हणजे गॅलिलिओचं उत्तर टायकोच्याच निरीक्षणांपुढे टिकत नाही.

चर्चचा भाग इथे थोडक्यात घेतो कारण तो सगळ्यांना माहीत आहे. १६१५ ला कार्डिनल बेलार्मिनने फोस्कारिनी या कोपर्निकसची बाजू घेणाऱ्या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की पृथ्वी फिरते याचं खरं प्रूफ असेल तर धर्मग्रंथांचा अर्थ लावताना फार सांभाळून जावं लागेल, पण असं प्रूफ कोणी दाखवेपर्यंत मी मानणार नाही. ५ मार्च १६१६ ला कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्त होईपर्यंत रोखलं गेलं, २२ जून १६३३ ला गॅलिलिओला आपलं मत सोडायला लावलं. प्रूफ नव्हतं हे बेलार्मिनचं म्हणणं तेव्हा खरं होतं असं मी म्हणेन, पण प्रूफ नाही म्हणून फर्मान काढायचं, पुस्तक अडवायचं आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवायचं हे साफ चूक होतं. वाद खुला असताना त्याचा निकाल मोजमापाबाहेरच्या अधिकाराने लावला, आणि त्यात मधल्यामधे टायकोसारख्यांचा खरा शास्त्रीय आक्षेप पण बदनाम झाला, आजपर्यंत.

पुढे १६५१ ला इटलीतल्या बोलोन्याच्या रिचोली या जेसुइट (कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूने एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात पृथ्वी फिरण्याच्या बाजूचे ४९ आणि विरुद्ध ७७ असे १२६ मुद्दे मांडले. धर्मग्रंथाचा आधार घेणारे त्यात अगदी मोजके, बाकी भौतिकी आणि खगोल. मुखपृष्ठावरच्या चित्रात तराजू आहे, त्यात कोपर्निकसचं आणि थोडं बदललेलं टायकोचं अशी दोन मॉडेल्स तोलली जातायत आणि टॉलेमीचं खाली जमिनीवर टाकलंय. म्हणजे गॅलिलिओच्या खटल्यानंतर १८ वर्षांनी पण जाणकारांत सामना कोपर्निकस विरुद्ध टायको असाच होता, आणि ताऱ्यांचा आकार हा रिचोलीच्या हातातला सगळ्यात वजनदार मुद्दा होता. त्याचा अजून एक मुद्दा मला फार आवडतो. पृथ्वी फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा जरा बाजूला सरकायला पाहिजे, तसं कुठे दिसतं? तर्क एकदम बरोबर होता, गोळा सरकतोच, पण इतका थोडा की तेव्हाच्या तोफांना ते दाखवणं शक्य नव्हतं.

आता चूक कुठे होती ते. चूक होती ठिपक्यात. टायकोने रुंदी मोजली ती प्रामाणिकपणे मोजली, पण जे मोजलं ते ताऱ्याचं अंग नव्हतं. नुसत्या डोळ्याला तारा पसरट दिसतो तो डोळ्यामुळे आणि हवेमुळे, आणि टेलिस्कोपमधली चकती येते प्रकाश लहरींसारखा वागतो म्हणून, छिद्रातून येताना तो थोडा पसरतोच, त्याचं पूर्ण गणित जॉर्ज एअरीने १८३५ ला मांडलं. प्रकाश लहरीसारखा वागतो हे माहीत नसताना ती चकती खोटी आहे असं कोणी कशावरून म्हणणार? एक धागा मात्र होता. चंद्र आकाशातून सरकताना ताऱ्यांवरून जातो, त्याला पिधान म्हणतात. तारा खरंच चकती असेल तर चंद्राच्या कडेआड जाताना तो हळूहळू मावळला पाहिजे, पण तो एका क्षणात विझतो. इंग्लंडमधल्या जेरेमाया हॉरॉक्स या तरुण पोराने १६३७ ला कृत्तिकांच्या पिधानात हे बघितलं होतं. इतकं साधं निरीक्षण, टेलिस्कोप आला त्याच वर्षी कोणालाही करता आलं असतं, आणि टायकोच्या बाजूचा सगळ्यात मोठा खांब तिथल्या तिथे पडला असता. मला या केसमधलं सगळ्यात चटका लावणारं हे वाटतं, कारण उत्तर आकाशात दर महिन्याला घडत होतं.

दरम्यान वाद दुसऱ्याच वाटेने सुटत चालला होता, आणि तोही टायकोच्याच डेटामुळे. टायको १६०१ ला प्रागला वारला, त्याची मंगळाची निरीक्षणं केपलरच्या हाती आली. वर्तुळं धरून केपलरचा हिशोब ८ कलांनी चुकत होता, पण टायको ८ कलांनी चुकणार नाही यावर केपलरचा इतका विश्वास की त्याने वर्तुळच टाकलं, आणि १६०९ ला लंबवर्तुळ छापलं. त्यावरून बनवलेले १६२७ चे ग्रहतक्ते आधीच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी सरस निघाले, १६३१ चं बुधाचं अधिक्रमण, म्हणजे बुधाचं सूर्यबिंबावरून जाणं, गासेंदीने पॅरिसला त्यावरूनच पकडलं. १६८७ ला न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आलं, मग एवढ्या अवजड सूर्याने छोट्या पृथ्वीभोवती फिरावं हे भौतिकीतच बसेना. टायकोच्या आक्षेपाला थेट उत्तर न मिळताच बहुतेक लोक सूर्यकेंद्री झाले.

थेट उत्तराचा शोध मात्र काही जण सोडत नव्हते. १६६९ ला रॉबर्ट हुकने लंडनमध्ये घराच्या छपराला भोक पाडून उभा टेलिस्कोप लावला, कालेय तारकासमूहातला एक तारा तिथे जवळपास डोक्यावरून जातो म्हणून तो निवडला, म्हणजे हवेमुळे प्रकाश वाकायचा प्रश्न नाही. चार निरीक्षणांवर त्याने पॅरॅलॅक्स सापडला असं जाहीर केलं, ते काही खरं नव्हतं. १७२५ ला मॉलिन्यू आणि जेम्स ब्रॅडली यांनी लंडनजवळ क्यू इथे तोच तारा पुन्हा धरला. तारा हलला! वर्षभरात दोन्हीकडे सुमारे २० विकला, पण पॅरॅलॅक्सने ज्या महिन्यात ज्या बाजूला जायला पाहिजे त्यापेक्षा ३ महिन्यांच्या फरकाने. ब्रॅडलीने यावर खूप डोकं खाजवलं आणि १७२९ ला छापून आलं की हा पृथ्वीच्या वेगाचा परिणाम आहे, बाईकवरून जाताना सरळ पडणारा पाऊस समोरून तिरका येतो तसा ताऱ्याचा प्रकाश तिरका येतो. पृथ्वी फिरते याचा पहिला थेट पुरावा हा, कोपर्निकसच्या पुस्तकानंतर १८६ वर्षांनी. शिवाय ब्रॅडलीने सांगितलं की पॅरॅलॅक्स १ विकला जरी असता तरी मला दिसला असता.

म्हणजे टायकोच्या ६०व्या हिश्शातही तो नव्हता. शेवटी तो सापडला १८३८ ला, कोनिग्सबर्गला, फ्रेडरिक बेसेलला. त्याने हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी निवडला, तेजस्वी नव्हे तर आकाशात वेगाने सरकणारा, कारण जो भराभर सरकतो तो जवळचा असणार. वर्षभर मोजून आलं ०.३१४ विकला, म्हणजे अंतर सूर्याच्या सुमारे ६ लाख ५७ हजार पट. त्याच सुमारास स्ट्रूव्हने अभिजितचा आणि हेंडरसनने दक्षिण आफ्रिकेतून केलेल्या निरीक्षणांवरून नरतुरंगातल्या मित्र ताऱ्याचा पॅरॅलॅक्स काढला. टायकोच्या यंत्रांना हे दिसायला ती जवळपास १०० पट जास्त अचूक लागली असती, डोळ्याने ते कधीच शक्य नव्हतं.

कॅथलिक चर्चच्या बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओ १८३५ च्या आवृत्तीत बाहेर आले होते, म्हणजे बेसेलच्या ३ वर्षं आधी. आणि आपल्याकडे, भोपाळजवळच्या सीहोरला, विल्किन्सन नावाच्या ब्रिटिश एजंटच्या पाठिंब्याने सुबाजी बापू यांनी १८३६ ला मराठीत सिद्धांतशिरोमणिप्रकाश लिहिला, पुराणांचं विश्व, भास्कराचार्यांच्या परंपरेतलं सिद्धांतांचं विश्व आणि कोपर्निकसचं विश्व यांची तुलना करणारा. मराठीत हा वाद मांडला गेला तेव्हाही एकाही ताऱ्याचं अंतर छापून आलेलं नव्हतं हे लक्षात घेतलं की सुबाजींच्या कामाचं मोल अजून वाढतं.

ताऱ्यांचे खरे आकार मोजायला तर अजून वेळ लागला. १९२० ला माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीस यांनी मृग नक्षत्रातल्या काक्षीचा व्यास मोजला, ०.०४७ विकला. टायकोने पहिल्या प्रतीच्या ताऱ्याला दिलेल्या २ कलांच्या अडीच हजाराव्या हिश्शापेक्षा थोडा कमी, आणि हा सुद्धा आकाशातल्या सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी एक, बाकीचे याहून कितीतरी बारीक. पण काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाते. टायकोला जे तारे अशक्य वाटले तसे तारे खरोखर आहेत, फक्त फार थोडे, आणि त्यांतला एक त्याला ह्वेनवरून हिवाळ्यातल्या प्रत्येक निरभ्र रात्री दिसत होता.